मोठ्या डिकीची गाडी

"ही नको," अल्फान्सो म्हणाला. "हिचा मागचा दरवाजा नव्याने रंगवलाय. कुठेतरी ठोकलेली आहे."

भीमराज नुसता हसला. चेंबूरच्या त्या आवारात त्याच्या भाड्याच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि हे गिऱ्हाईक एकेक करून सगळ्या मोडीत काढत होतं. अल्फान्सोला ते हसणं खटकलं. त्याचं आयुष्य विम्याचे दावे तपासण्यात गेलं होतं. खोट दाखवल्यावर चिडतो तो माणूस बरा, हसतो तो बेरकी, असा त्याचा अनुभव होता.

नाताळाला गोव्याला जायचं होतं, कार्मेनच्या बहिणीकडे. अल्फान्सो, बायको कार्मेन आणि मुलगी लिओना. बेत कार्मेनचा. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने आपणहून काही मागितलं ते हे पहिलंच. नाही म्हणायला अल्फान्सोला कारण सापडलं नव्हतं. शोधलं मात्र होतं. मेव्हणीला फोन करून त्याने खरंखोटंही करून घेतलं होतं.

सामान बरंच होतं. वाकोल्याच्या घरात बॅगा आणि खोके भिंतीला लागून रचले होते. बहिणीच्या चर्चमध्ये वाटायला जुने कपडे, भांडी नेते, असं कार्मेन म्हणाली. अल्फान्सोने प्रत्येक खोका उघडून पाहिला. खरंच कपडे आणि भांडीच निघाली.

भीमराजने छोटी गाडी आणि वर कॅरिअर सुचवला. घाटात गाडी हळू झाली की चोर मागून चढून दोऱ्या कापतात, हे अल्फान्सोने त्याला ऐकवलं. सगळं डिकीतच मावलं पाहिजे. मग भीमराजने ड्रायव्हरचं विचारलं, आपला ओळखीचा आहे म्हणाला. मोतीबिंदूपासून अल्फान्सोने स्टीअरिंग सोडलं होतं. पण परका माणूस, तोही याच्या ओळखीचा, आणि गाडीत बायको आणि तरुण मुलगी.

"ड्रायव्हर नको," तो म्हणाला. "लिओना चालवेल."

आईजवळ उभ्या लिओनाने मान डोलावली.

शेवटी एक लांबलचक सात सीटची गाडी उरली. अल्फान्सोने घरून आणलेल्या टेपने डिकी मोजली. "मागची सीट दुमडा अंकल, अख्खं बिऱ्हाड मावेल," भीमराज म्हणाला. बोलला अल्फान्सोशी, पण पाहत होता कार्मेनकडे.

अल्फान्सो टायर बघायला वाकला. उठला तेव्हा कार्मेन आणि भीमराज आवाराच्या टोकाला उभे होते. खालच्या आवाजात काहीतरी बोलणं चाललं होतं. त्याला बघताच ते थांबलं.

कार्मेनला परक्या पुरुषाशी बोलायची सवय नव्हती. ती बेकरीत पाव आणायला गेली आणि जरा उशीर झाला, तरी अल्फान्सो पाहायला जाई. चर्चमध्ये तिची गाण्याची तालीम असली की तो मागच्या बाकावर बसून राही. बायकोला किती जपतो, असं गावठाणातले लोक म्हणत.

"काय म्हणत होता तो?" परतताना रिक्षात त्याने विचारलं.

"सामान किती, ते विचारत होता."

"एवढ्या हळू?"

त्याने तिचा फोन मागितला, तिने दिला. भीमराजचा एकच मेसेज होता. 'मॅडम, तुमच्या सोयीनुसार करतो.'

"सोय कसली?"

"तुझे गुडघे दुखतात ना. पुढची सीट मागे सरकवून द्यायला सांगितली."

उत्तर चोख होतं. अल्फान्सोला चोख उत्तरांचाच जास्त संशय येई. त्या माणसाला बायको आवडली की आपलं रिकामं घर, एवढंच त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने दाराला आणखी एक कुलूप आणलं.

निघायच्या सकाळी गाडी गावठाणातल्या क्रुसापाशी उभी होती. अल्फान्सोने चारी बाजूंनी तिचे फोटो काढले. पुढे काही झालं तर भीमराजने आपल्यावर ढकलायला नको. खोके, बॅगा आत गेल्या. स्वतःची बॅग मात्र त्याने हातातच ठेवली. तिच्यात घराची कागदपत्रं होती. मग पुन्हा त्याच्या मनात कुलपाचं आलं.

"नीट लावलंयस तू," लिओना म्हणाली.

"बघून येऊ दे त्याला," कार्मेन शांतपणे म्हणाली. "नाहीतर वाटभर चैन पडणार नाही."

तो वर गेला. गॅस पाहिला, मागची खिडकी पाहिली, दोन्ही कुलपं ओढून पाहिली. खाली आला तेव्हा क्रुसासमोर कोणी नव्हतं.

गाडी वळवायला गेली असेल म्हणून तो मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेला. कार्मेनचा फोन बंद होता, लिओनाचाही. गाडीची दुसरी चावी भीमराजकडे असणारच. ते हसणं, ती कुजबुज, तो मेसेज. आपण सगळं ओळखलं होतं, आणि तरीही दोघींना गाडीत एकटं सोडून कुलूप बघायला गेलो.

त्याने भीमराजला फोन लावला.

"माझी बायको-मुलगी कुठे आहेत? पोलिसांत जातोय मी. तुझ्याकडे दुसरी चावी आहे."

"चावी माझ्या ड्रॉवरमध्येच आहे, अंकल," भीमराज म्हणाला. आवारात कार्मेनशी बोलताना होता, तसाच आवाज खाली आला होता. "मला वाटलं, एव्हाना त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. गाडी परत मुंबईत आणणार नाही, तिकडेच सोडणार, असं मॅडम त्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आणि जाणाऱ्या दोघीच आहेत म्हणाल्या."