धाग्याच्या कारखान्यातला कॉम्प्युटर

आमलीतल्या धाग्याच्या कारखान्यात नव्वदीच्या सुरुवातीला कॉम्प्युटर आला. कुठलं मशीन बिघडणार, ते तो आधीच सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. मॅनेजर देसाईसाहेब त्याच्याच शब्दावर कारखाना चालवायचे. कॉम्प्युटर चालवणारी कुमुद कणकवलीची. तिचा त्याच्यावर फार जीव.

एका दुपारी की-बोर्डवर मुंग्या दिसल्या, म्हणून तिने इलेक्ट्रिशियन नवनाथला बोलावलं. त्याने प्लग काढला, पेटीचं झाकण उघडलं आणि तो दचकून मागे सरकला.

"ताई, यात पार्टच नाहीत!"

आत एकही वायर नव्हती. तळापासून वरपर्यंत मातीचं वारूळ होतं आणि त्यात मुंग्या वळवळत होत्या. प्लग नवनाथच्या हातात होता, तरी स्क्रीनवर आकडे पळत होते.

"अरे, दवा छांटो! जल्दी!" आवाज ऐकून आत आलेले देसाईसाहेब ओरडले.

नवनाथने मुंग्यांच्या औषधाचा फवारा उचलला.

"नको! मरू आम्ही!" कुमुद किंचाळली.

आपण असं का बोललो, ते तिलाच कळेना. दोघेही तिच्याकडे बघतच राहिले. नवनाथच्या हातून फवारा खाली पडला.

तिच्या कानातून एक मुंगी बाहेर येत होती. मुंगीच्या तोंडात पांढरं अंडं होतं.