काजव्याचा निरोप

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी ताई गेली चार वर्षं समाजमाध्यमावर 'काजवा' या नावाने कविता लिहीत होती. तिथे तिला घरच्यांखेरीज कुणीही ओळखत नव्हतं, म्हणूनच तिला मोकळं वाटायचं.

परवा धाकट्या भावाने कौतुकाच्या भरात तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'काजवा म्हणजे आमची ताई!'

आज दुपारी ती तणतणत त्याच्या चष्म्याच्या दुकानात शिरली. "मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस रे!"

"चुकलंच माझं. सकाळीच काढून टाकलं," तो ओशाळून म्हणाला. "पण एवढं परक्यासारखं का लिहिलंस मला?"

"मी कुठे काय लिहिलं?"

त्याने मोबाइल पुढे केला. काजव्याचा निरोप होता : 'कृपया या बाईंचं नाव मला लावू नका. मी त्यांना ओळखत नाही.'

ताईने घाईघाईने स्वतःचा मोबाइल उघडला. काजव्याचं खातं सुरूच होतं, कविताही जागच्या जागी होत्या. पासवर्ड तर तिने नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता.

"थट्टा करतेयस ना?" भावाने विचारलं.

तिला काही उमजेना. तिने आपला मोबाइल त्याच्या मोबाइलशेजारी काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले.

भावाच्या मोबाइलवर टिंबं नाचू लागली. काजवा काहीतरी लिहीत होता.

'त्या समोरच उभ्या आहेत ना? मग त्यांनाच विचारा, त्या कोण आहेत.'

भावाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, आणि स्वतःचं नाव काही केल्या तिला आठवेना.