वाकडं हेड

"चोराच्या बायकोने दारातूनच बोलावं," आई म्हणाली.

ताई आत आली. दादा कॅसेटवरून गेम लोड करायचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून पुसत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"उद्या त्यांचं ऑपरेशन आहे," ताई म्हणाली. "एक फोन कर. 'तू चोर नाहीस' एवढंच म्हण. बाकी काही नको मला."

"का म्हणू? गेम खेळायला म्हणून यायचा, आणि माझा लाल टेपरेकॉर्डर ढापला. वर तुलाही घेऊन गेला!"

"हे लग्न होऊ नये म्हणून मी काय कमी डोकं आपटलं?" आई म्हणाली. "कार्टीने ऐकलं तर शपथ."

ताईने पर्समधून कॅसेट काढली. "तुम्ही दोघांनी मिळून केलेला गेम. त्यांनी जपून ठेवलाय."

दादाने कॅसेट हिसकावलीच. मग कडवट हसला. "चाटू का आता हिला? माझ्या त्या लाल रेकॉर्डरचं फीत वाचणारं हेड वाकडं होतं. त्याच्यावर भरलेली कॅसेट दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डरवरून लोड होत नाही."

"तेच म्हणतेय मी. रेकॉर्डर त्यांच्याकडे असता तर एकदा तरी खेळले असते ना रे? बिचाऱ्यांनी किती रेकॉर्डर आणून बघितले."

"नाटकं नुसती!"

"मग तू लावून बघ. नाही लागला तर निघते. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"बघच!" दादाने फळीवरचा काळा रेकॉर्डर ओढला. ताईच्या लग्नानंतर मामाने दिलेला, आईचा गाणी ऐकायचा.

"माझ्या वस्तूला हात लावायचा नाही!" आई ताडकन उठली. "फीत गुंतेल!"

"एक मिनिट गं. हिचं तोंड बंद होऊ दे एकदाचं."

त्याने कॅसेट घातली, वायर कॉम्प्युटरला खोचली, बटण दाबलं. गेम लोड होतानाची कर्कश किंचाळी सुरू झाली. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावू लागले.

"बंद कर ते मेलं!" आई ओरडली.

दादाचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. किंचाळी थांबली. पडद्यावर गेमचं नाव आलं, त्याखाली दोघा मित्रांची नावं.

ताई रडत होती. दादाने रेकॉर्डर उलटा केला आणि तळाचा काळा रंग नखाने खरवडला.

"आई," तो म्हणाला, "मामाने दिलेला रेकॉर्डर आतून लाल कसा गं?"