सात पाण्यांनी

“समजा, ही कोंबडी,” असं म्हणत आजीने कोबीचा गड्डा नळाखाली धरला.

आरोग्य खात्याचा तपासनीस ओट्याशी कागद घेऊन उभा होता. नातू जाऊन अकरा दिवस झाले होते. सात महिन्यांचं पोर. दोन दिवस जुलाब, ताप, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्याच्या तपासणीत जे जंतू सापडले, तेच कोपऱ्यावरच्या खाटकाच्या कोंबडीतही सापडले होते. पण कच्च्या कोंबडीत ते पुष्कळ दुकानांत सापडतात, आणि नीट शिजवली की मरतात. शिवाय बाळाला अजून दातही आले नव्हते. त्याने कोंबडी चाखलीच नव्हती. मग जंतू त्याच्या पोटात गेले कसे? कागदावर तेवढा एकच रकाना कोरा होता.

मुलगा खाटकाच्या अंगावर धावून गेला होता. सून सासूशी बोलेनाशी झाली होती, कारण दिवसभर बाळाला सांभाळायची ती आजीच. तपासनीसाला तिने दारातच बूट काढायला लावले, मग हात धुवायला. आई साबणसुद्धा धुऊन वापरते, अशी मुलगा तिची चेष्टा करायचा. आता करत नव्हता. आपल्या हातून काही राहिलं नाही, हे कुणीतरी सुनेच्या कानावर घालावं, एवढंच आजीला हवं होतं.

“सात पाण्यांनी धुते मी. पंखांच्या बेचक्यातसुद्धा.” ती गड्डा उलटसुलट करून चोळत होती. नळ पूर्ण सोडलेला होता. धार गड्ड्यावर आपटून फुटत होती.

तपासनीसाच्या चष्म्यावर थेंब उडाले. चष्मा पुसून त्याने पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि त्याचं लक्ष ओट्यावर गेलं. नळाशेजारी चार वर्षांच्या थोरल्या नातीचा पेला होता. त्याला लागून बाळाची वाटी आणि चमचा. ती वाटी उचलायचा धीर घरात कुणालाच झाला नव्हता. पेल्यावर थेंब होते. चमच्यावर होते. वाटीच्या आतही होते.

“माझं काही राहिलं का हो?” आजीने विचारलं.

आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणारी सून थांबली.

“नाही आजी,” तो मोठ्याने म्हणाला. “तुमच्याकडून काहीच कमी पडलं नाही.”

त्याने रकाना कोराच ठेवला. दारापर्यंत गेला, बूट चढवले आणि तिथेच घुटमळला. थोरली नात रोज त्याच पेल्यातून दूध पीत असणार. तो परत ओट्यापाशी आला. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही, आणि आजीही त्यावरून काही बोलली नाही.

“एक नवा नियम आलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “कोंबडी घरी धुवायची नाही. आणली की थेट पातेल्यात.”

असा कुठलाही नियम आलेला नव्हता.

आजीने नळ बंद केला. ओल्या ओट्यावरून तिची नजर पेल्यावरच्या थेंबांवर गेली, मग वाटीतल्या.

“कधीपासून?”

“आजपासून.”

“आजपासून,” ती म्हणाली, आणि तिने मान हलवली. मग तिने नातीचा पेला उचलला, कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसला आणि नळापासून दूर, वरच्या फळीवर ठेवला. परत येऊन तिने वाटी उचलली. ती मात्र तिच्या हातातच राहिली.