सरांचा जुना संगणक

पीएचडीच्या सरांनी तिचं अख्खं संशोधन स्वतःच्या नावावर खपवलं होतं. त्याचं उट्टं काढायचा योग आत्ता कुठे आला. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कुठल्या संगणकांवर चालेल, हे कंपनीत आता तीच ठरवत असे. सरांच्या टेबलावरचं जुनाट मॉडेल तिनं यादीतून अलगद उडवलं.

"बसा आता बोटांवर आकडेमोड करत!" ती स्वतःशीच म्हणाली.

आठवड्याभरातच तिचा धाकटा भाऊ तणतणत घरी आला. तो यंदाच त्याच सरांकडे पीएचडीला लागला होता.

"ताई, सरांना कॉलेजनं नवाकोरा संगणक दिला आणि जुना त्यांनी माझ्या गळ्यात मारला. म्हणाले, 'यावर संख्याशास्त्राचं नवं सॉफ्टवेअर चालत नाही. पण तुला कसली काळजी? घरी ताई आहे!'"