सव्वा किलो

विज्ञानाची प्रत्येक झेप माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरवण्यासाठीच असते. बियाणे कंपनीच्या अकोल्याच्या ऑफिसातून आलेल्या पत्राची ही पहिली ओळ होती. पत्र चार पानी होतं आणि ते कायम बॅगेत बाळगावं, ही शेवटची.

पत्राबरोबर टॅबलेट आला होता. कीबोर्ड जोडला की लॅपटॉप, काढला की पाटी. आठ दिवस वापरायचा आणि मत कळवायचं. मत बरं पडलं तर कंपनीच्या बाराही एजंटांना एकेक मिळणार आणि ऑर्डरबुकं, कॅटलॉग, तक्रारीचं रजिस्टर असली नऊ किलोची बॅग कायमची घरी बसणार. तपासायला अय्युबभाईंना निवडलं होतं, कारण दर्यापूर तालुक्यात त्यांच्याइतकं पायी कोणी फिरत नव्हतं. सव्वीस वर्षं बॅग डाव्या खांद्यावर. आता नमाजात तो हात कानापर्यंत जात नव्हता. "तीन किलोच्या वर उचलायचं नाही, नाहीतर बसून करायचं काम बघा," असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बसून करायचं काम कंपनीकडे दर्यापुरात नव्हतं. खुर्चीच नव्हती.

आठव्या दिवशी रोजा सोडायला अर्धा तास उरला असताना अय्युबभाई खाटेवर बसून टॅबलेटवर मताचा फॉर्म भरत होते. समोर त्यांची बायको नईमा मशीनवर त्यांचा ईदचा शर्ट शिवत होती.

"उन्हात पडदा दिसते काय, विचारून राहिला हा."

"मंग? दिसते?"

"माही दाढी दिसते. साफ दिसते." त्यांनी लिहिलं, 'स्पष्ट'.

पुढचा प्रश्न, कीबोर्ड सहज निघतो का. परवा जीप खड्ड्यात गेली तेव्हा तो आपसूक निघून शेजारच्या मास्तरांच्या मांडीवर जाऊन बसला होता. 'अगदी सहज.'

"रोज्यात झूठ लिहून राहिले तुमी, उज्माचे अब्बा."

"एक शब्द खोटा दाखव."

पुढचा प्रश्न वजनाचा होता, आणि ते स्वतः मोजून लिहायचं होतं.

तेवढ्यात बेबीताई दारात आल्या. नाल्याकाठच्या वावरात त्या भाजी पिकवत आणि स्वतः बाजारात बसून विकत. आज टोपल्यात भाजी नव्हती. त्यात गोणी तोलायचा टांगता काटा होता आणि त्याखाली फडक्यानं झाकलेलं काहीतरी. नईमानं आधी काटाच मागून घेतला. टॅबलेट पिशवीत घालून आकड्याला लावला.

"सव्वा किलो."

"बाप्पा! एवढ्यात तं माहे चार दोडके येते," बेबीताई म्हणाल्या.

नईमानं शर्ट दोन्ही हातांनी उंच धरला. वीस वर्षं ती नवऱ्याच्या शर्टाचा डावा खांदा अर्धा इंच खाली कापत आली होती. त्यामुळे शर्टाला सुरकुती पडत नसे, आणि माणूस सरळ आहे असं गावाला वाटे.

"यंदा दोन्ही खांदे बरोबरीचे कापले," ती म्हणाली.

अय्युबभाईंनी शर्टाकडे पाहिलं, मग खाटेखाली पाहिलं, आणि मग घाईनं बेबीताईंकडे वळले. "काय म्हन्ता, ताई?"

"भेंडी नाही निंघाली, भाऊ. तुमचंच बी दुबार टोबलं, तरी नाही."

अय्युबभाईंनी टॅबलेटवर नाव घातलं, गट नंबर घातला, बेबीताईंचा फोटो काढला. "झाली तक्रार. अकोल्याले पोचली बी."

"अन् हे कोन नेईन?" बेबीताईंनी फडकं सोडलं. आत पुडी होती. काळी ओली माती आणि त्यात न उगवलेलं बी. पुडी दिल्याशिवाय तक्रार दिली, असं या तालुक्यात कोणी मानत नाही.

"आता पुडी लागत नाही, ताई. फोटो गेला."

"फोटोत दाना फोडून पाह्यता येते काय तुमच्या सायबाले? दोन दिवस वाकून उकरले, भाऊ. एक-एक दाना. नेत नसान तं तसं सांगा."

उजवा हात खाटेखाली घालून अय्युबभाईंनी जुनी बॅग ओढली. ती एका ओढीत आली नाही. बेबीताईंनी आपली पुडी तिच्यात ठेवली. ठेवायला जागा करावी लागली.

"रोजा सोडाचा टाइम झाला तुमचा. काटा उद्या नेईन," म्हणून त्या गेल्या.

नईमानं बॅगेत हात घालून मोजलं. वही एकही नाही, आठ दिवसांच्या नुसत्या पुड्या. सतरा. वर तिनं टॅबलेट ठेवला, चार पानी पत्र ठेवलं, आणि बॅग काट्याला लावली. पावणेदहा किलो.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू शर्ट शिवून राहिली होती."

अजान झाली. नईमानं खजूर त्यांच्या उजव्या हातात दिला. पाणी पिऊन झाल्यावर अय्युबभाईंनी टॅबलेट काढून उरलेला रकाना भरला. 'वजन सव्वा किलो. फारच हलका.' फॉर्म पाठवून दिला.

नईमानं शर्टाचा डावा खांदा उसवला. यंदा पाऊण इंच खाली घ्यावा लागला.