बारा ते चार

आमचं गेमिंगचं मासिक आता छापणार नाहीत, फक्त ऑनलाइन येणार, हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. गेमचे नकाशे लावायला आता भिंतीवर काय फोन चिकटवू?

"आई, निषेधाच्या पत्रावर सही कर ना."

"मासिक गेलंय, जीव नाही गेला कुणाचा," आई इस्त्री करता करता म्हणाली. "बरंच झालं. पोस्टमनकाका अंक चुरगळून आणतात, ही तुझी दर महिन्याची कटकट तरी संपली."

पालथ्या घड्यावर पाणी. मी तणतणत मासिकाची वेबसाइट उघडली. वाचकांनी संपादकांना नुसतं धुऊन काढलं होतं. सगळ्यात वर टोपणनावाने कुणाची तरी तक्रार होती:

"अंक बाराला यायचा, मुलगी शाळेतून चारला. मधले चार तास तो माझा असायचा. आता तो थेट तिच्या फोनमध्ये उघडणार. मासिक गेलंय, जीव नाही गेला कुणाचा, हे मलाही कळतं. पण अकराव्या लेव्हलचा राक्षस कसा मारायचा, हे मी आता कुठे वाचू?"

मी खाली उत्तर लिहिलं, "आधी पोस्टमनकाकांची माफी माग, मग सांगते."